चिमटा तुटतो कुठे आणि का

सायकलचा चिमटा तुटला की तो बहुतेक वेळा एकाच जागी तुटलेला आढळतो. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे त्याचे पाय जिथे वर एकत्र येतात, त्या खांद्याशी. खांद्यातून वर निघणारी नळी फ्रेमच्या पुढच्या आखूड उभ्या नळीत शिरून हँडलपर्यंत जाते. ती खांद्यालगत तुटते, नाहीतर पाय खांद्याच्या जोडातून निसटतात. पाय मधोमध मोडल्याचं फारसं पाहायला मिळत नाही. रस्ता वेगळा, कारखाना वेगळा, धातू वेगळा, तरी जागा तीच. याचं कारण एकदा कळलं की सायकलच्या दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न, "स्टील मजबूत, ॲल्युमिनियम की कार्बन?", किती अपुरा आहे तेही कळतं.

फ्रेम तुटणं आणि चिमटा तुटणं यांत मोठा फरक आहे. फ्रेमची एखादी नळी तडकली तर सायकल आधी करकरते, लचकते, मागचं चाक भलतीकडे ओढतं. उरलेल्या नळ्या काही काळ भार वाटून घेतात आणि उतरून पाहायला सवड मिळते. चिमट्याला असा वाटेकरी नाही. तो गेला की पुढचं चाकच जातं, हँडल हातात राहतं आणि माणूस तोंडावर आपटतो. हात पुढे करायलाही वेळ नसतो. म्हणून सायकलच्या सगळ्या भागांत मला चिमट्याची काळजी जास्त वाटते, आणि नेमकं त्याच्याकडेच कुणी बघत नाही. चेनला तेल घालतात, ब्रेकचे रबर बदलतात, चाकाचा आउट काढतात, पण चिमटा आहे तसा वर्षानुवर्षं राहतो.

या एका सांध्याने युजीन क्रिस्तोफ नावाच्या फ्रेंच शर्यतपटूचा तीनदा घात केला. जुलै १९१३ मध्ये 'तूर द फ्रान्स'चा बायोन ते ल्युशाँ हा ३२६ किलोमीटरचा टप्पा चालू होता. पिरिनीज पर्वतातला तूरमाले घाट २,११५ मीटर उंचीचा. त्या काळी त्यावर डांबर नव्हतं, नुसती खडी आणि माती. क्रिस्तोफ आघाडीच्या स्पर्धकांत होता आणि घाट उतरताना त्याचा चिमटा तुटला. नियम कडक होता: दुरुस्ती स्वतःची स्वतः करायची, कुणाची मदत घ्यायची नाही, सायकल बदलायची नाही. सायकल खांद्यावर टाकून तो दहाएक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-कांपाँ या गावात उतरला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतः चिमटा जोडायला बसला. मूळचा तो कुलुपं बनवणारा कारागीर, लोखंडाशी हात सरावलेला. शर्यतीचे पंच शेजारी उभे राहून पाहत होते. काही तासांनी चिमटा जोडून तो पुढे निघाला आणि रात्री मुक्कामी पोचला, पण भट्टीचा भाता एका मुलाने हलवला म्हणून वर दंडाची मिनिटं लागलीच. एवढं होऊनही त्या वर्षी तो एकंदरीत सातवा आला.

१९१९ च्या शर्यतीत आघाडीवरच्या स्पर्धकाला पिवळी जर्सी द्यायची पद्धत सुरू झाली आणि ती अंगावर घालणारा पहिला माणूस क्रिस्तोफच होता. शेवटून दुसऱ्या टप्प्यात, उत्तर फ्रान्समधल्या दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर, त्याचा चिमटा पुन्हा तुटला. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा वेळ गेला, आणि हातात आलेलं विजेतेपद बेल्जियमच्या फिर्मँ लाँबोकडे गेलं. १९२२ मध्ये आल्प्समधला गालिबिए घाट उतरताना तिसऱ्यांदा तेच झालं. ही कथा जिद्दीची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. पण दोन वेळा घाटाचा उतार आणि एकदा दगडी फरसबंदी, हा योग मला त्याच्या जिद्दीइतकाच महत्त्वाचा वाटतो. चिमट्याला सर्वांत जास्त झिजवणाऱ्या गोष्टी याच दोन: ब्रेकचा ओढा आणि रस्त्याचे धक्के.

चिमट्यावर नेमकं काय गुजरतं ते पाहू. सायकल सरळ चालत असताना जमीन पुढच्या चाकाला खालून वर रेटत असते. चिमटा उभा नसतो, पुढे कललेला असतो. त्यामुळे वर येणारा रेटा त्याला थोडा पुढे वाकवतो. आता ब्रेक दाबा. जमीन चाकाला मागे ओढते आणि चिमटा मागे वाकतो. ७० किलोचा माणूस, १५ किलोची सायकल आणि पुढचा ब्रेक जोरात दाबलेला, तर मागे खेचणारा जोर सहज ४० किलोच्या वजनाइतका होतो. हा जोर लागतो चाक जमिनीला टेकतं तिथे, आणि खांदा तिथपासून साधारण ७० सेंटिमीटर वर असतो. एवढी लांब तरफ! वजनाचा पुढे वाकवणारा जोर त्यातला काही भाग खोडून काढतो, तरी उरतो तो मोठाच असतो. खड्ड्याची कड लागली की चाक एकदम वरही आणि मागेही ढकललं जातं. थोडक्यात, चिमटा दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे वाकत असतो. डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

हे वाकणं खालून वर वाढत जातं. चाकाच्या आसापाशी ते कमी असतं, खांद्याकडे जाता जाता वाढतं आणि हँडलच्या खालच्या छऱ्यांपाशी सगळ्यांत जास्त होतं. त्याच्या वर फ्रेमची नळी आधार देते म्हणून ते पुन्हा उतरत जातं. म्हणजे सगळ्यात मोठा ताण खांद्याच्या अगदी लगत. आणि कारखान्यात नेमकी हीच जागा सगळ्यांत जास्त छळलेली असते. इथे नळीची जाडी बदलते. इथे छऱ्यांची खालची वाटी ठोकून घट्ट बसवलेली असते. इथेच पितळ वितळवून नाहीतर वेल्डिंग करून जोड मारलेला असतो, म्हणजे धातू लालबुंद तापून निवलेला. ताण सर्वांत मोठा आणि जागा सर्वांत नाजूक, असा दुहेरी योग सायकलमध्ये दुसरीकडे क्वचितच सापडतो.

जाडी अचानक बदलते तिथे ताण गोळा होतो, ही समज सायकलच्या आधी रेल्वेने आणि फार मोठी किंमत मोजून मिळवली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. समुद्रप्रवासी द्युमाँ द्युर्विल बायको-मुलासह त्यातच गेला. तोवर समज असा होता की वापराने लोखंडाची जातच बदलते, ते कच्चं आणि ठिसूळ होतं. आपल्याकडे आजही तुटलेला भाग हातात घेऊन "माल कच्चा होता" म्हणतात, ती याच समजाची सावली. विल्यम रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने तुटलेले आस पाहून वेगळीच गोष्ट मांडली: आसाचा व्यास जिथे एकदम कमी होतो त्या पायरीपाशी बारीक चीर पडते आणि ती हळूहळू आत सरकते. बाकीचा धातू जसाच्या तसा असतो. उपायही साधा होता. ती पायरी काटकोनात न ठेवता गोलाई देऊन उतरवायची.

पुढे प्रशियात रेल्वेचे अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. आसाचे नमुने यंत्रात फिरवत ठेवायचे, वजन टांगायचं आणि तुटेपर्यंत फेरे मोजायचे, काही वेळा लाखांनी. त्यांना दिसलं की एका दमात तोडायला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी कमी जोर पुन्हा पुन्हा लावला तरी लोखंड तुटतं. आणि ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर ते तुटतच नाही, कितीही फिरवा. याला धातूचा थकवा म्हणतात. विश्रांतीने तो जात नाही. सायकल सहा महिने उभी ठेवली म्हणून चीर मिटत नाही.

हातात तार घेऊन दहा-बारा वेळा इकडे-तिकडे वाकवली की ती तुटते, हा अनुभव सगळ्यांना आहे. पण तिथे प्रत्येक वेळी तार खरोखर वाकून तशीच राहते. चिमट्याचा थकवा त्याहून लबाड आहे. चिमटा प्रत्येक वेळी पूर्ण सरळ होतो, कुठेही वाकलेला दिसत नाही, आणि आत मात्र चीर केसाएवढी, मग नखाएवढी होत जाते. म्हणूनच स्टीलचा चिमटासुद्धा काहीही न सांगता तुटू शकतो.

तुटलेली नळी फेकून देण्याआधी तिचं तोंड उजेडात धरून बघावं. एक भाग काळपट, गुळगुळीत, कडेला कधी तांबूस गंज चढलेला दिसतो, आणि त्यावर एका बिंदूभोवती उमटत गेलेल्या वक्र रेषा. तो बिंदू म्हणजे चीर सुरू झाली ती जागा, बहुधा पायरीच्या कोपऱ्यातला एखादा ओरखडा किंवा जोडातली बारीक पोकळी. रेषा म्हणजे चीर थांबत-थांबत कुठवर पोचली त्याच्या खुणा. उरलेला भाग चकचकीत आणि रवाळ असतो. तो शेवटच्या क्षणी, एका झटक्यात तुटलेला. काळपट भाग तोंडाच्या अर्ध्याहून जास्त असेल तर समजावं की ती सायकल कित्येक आठवडे अर्ध्याच चिमट्यावर चालत होती. दोष शेवटच्या खड्ड्याला देऊन उपयोग नाही.

आता धातूंकडे वळू. इथे दोन गोष्टींची फार गल्लत होते: ताठपणा आणि ताकद. ताठपणा म्हणजे भार दिल्यावर वस्तू किती लवते. ताकद म्हणजे कायमची वाकायला किंवा तुटायला किती जोर लागतो. स्टीलचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या तिप्पट आणि टायटॅनियमच्या जवळजवळ दुप्पट. पण स्टीलचं वजनही साधारण त्याच प्रमाणात जास्त असतं. दर घन सेंटिमीटरला स्टील ७.८५ ग्रॅम, टायटॅनियम ४.५, ॲल्युमिनियम २.७. वजनाच्या हिशेबात बघितलं तर तिन्ही धातू ताठपणात जवळपास सारखेच निघतात. निसर्गाचा हा योगायोग मला आजही थक्क करतो. म्हणजे नुसता धातू बदलून काही साधत नाही. साधतं ते नळीचा आकार बदलून.

नळीची भिंत तेवढीच जाड ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होतं, पण ताठपणा आठपट. सगळी खुबी यात आहे. ॲल्युमिनियमची नळी स्टीलच्या नळीपेक्षा ४४ टक्के रुंद केली की तेवढाच ताठपणा मिळतो आणि वजन निम्म्यावर येतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत गॅरी क्लाइन यांनी आणि १९८३ पासून कॅननडेल कंपनीने जाड नळ्यांच्या ॲल्युमिनियम फ्रेमी काढल्या त्या याच हिशेबावर. त्याआधी युरोपात ॲल्युमिनियमच्या फ्रेमी स्टीलच्याच बारीक मापात बनत आणि जोरात पॅडल मारलं की लचकत. यालाही मर्यादा आहे. व्यास वाढवून भिंत फारच पातळ केली तर नळीला हाताच्या कोपराने पोचा पडतो.

आणि इथेच चिमट्याची अडचण उभी राहते. फ्रेमची नळी हवी तेवढी जाड करता येते, पण चिमट्याची वरची नळी दुसऱ्या नळीच्या आत, छऱ्यांच्या मधून जाते. तिला वाढायला जागा नाही. कित्येक दशकं ती एक इंचाची होती, मग सव्वा इंचाच्या आत, म्हणजे २८.६ मिलिमीटर झाली. अलीकडच्या महाग सायकलींत ती वर तेवढीच आणि खाली दीड इंचापर्यंत रुंदावत जाते. सायकलचा पुढचा भाग अलीकडे जाडजूड दिसतो तो शोभेसाठी नाही. खांद्यापाशी ताण सगळ्यांत मोठा, म्हणून तिथेच व्यास वाढवला. चिमट्याच्या रचनेत गेल्या काही दशकांत झालेली सगळ्यांत चांगली सुधारणा कोणती म्हणून विचारलं तर मी ही सांगेन, कार्बन नव्हे.

स्टीलमध्येही जाती आहेत. साधं स्टील आणि भारी मिश्रस्टील यांचा ताठपणा एकच असतो, फरक असतो तो ताकदीत. साधं स्टील जिथे कायमचं वाकतं त्याच्या दुप्पट-तिप्पट ताण चांगलं मिश्रस्टील सोसतं, म्हणून त्याची नळी पातळ करता येते. इंग्लंडमध्ये रेनॉल्ड्स घराण्याने १८९७ मध्येच टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळ्यांचं पेटंट घेतलं होतं. जोड टोकांना येतो, ताण तिथेच असतो, मग मधलं ओझं कशाला? १९३५ मध्ये त्यांनी मँगनीज-मॉलिब्डेनमचं '५३१' स्टील काढलं. पुढची चाळीसेक वर्षं शर्यतीच्या सायकली म्हटलं की लोक फ्रेमवरचं ते हिरवं-सोनेरी लेबल शोधत. स्टीलचा मोठा गुण म्हणजे व्होलर यांना दिसलेली थकव्याची ती खालची मर्यादा. ताण तिच्या आत ठेवला तर सायकल आयुष्यभर चालते. दुसरा गुण असा की जबर धडक बसली तर चांगलं स्टील आधी वाकतं. वाकलेला चिमटा दिसतो, आणि दिसला की माणूस सावध होतो.

आपल्याकडच्या काळ्या, दांडीच्या ब्रेकच्या सायकली साध्या स्टीलच्या. तरी दुधाच्या किटल्या, सिलिंडर, धान्याची पोती वाहत त्यांचे चिमटे दोन-दोन पिढ्या टिकले, कारण त्यांत भरपूर धातू आहे. चिमटा जास्त कललेला, पाय लांब आणि खाली बाकदार, म्हणून धक्के लवचिकपणे घेतो. वेग कमी. आणि दांडीचा ब्रेक मुळात इतका बेताचा की चिमट्याला मागे ओढणारा मोठा जोर तो निर्माणच करू शकत नाही. हे शेवटचं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आजकाल अगदी स्वस्त सायकलींना डिस्क ब्रेक लावलेले पाहिले की मला धास्ती वाटते. डिस्कचा पंजा डाव्या पायाला खाली धरतो, म्हणजे ओढा एकाच पायावर आणि नव्याच जागी येतो. जाणता कारखाना तो पाय त्या हिशेबाने जाड करतो. केवळ दिसायला डिस्क लावणारा करेलच असं नाही.

स्टीलचा दुष्मन गंज. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी खालून चिमट्याच्या नळीत शिरतं आणि तिथेच राहतं. बाहेरून रंग झकास, आतून नळीला खड्डे. गंजाचा प्रत्येक खड्डा म्हणजे चिरेसाठी तयार जागा, आणि गंज चालू असताना स्टीलची ती खालची मर्यादा उरतच नाही. पावसाळा संपला की चिमटा काढून, नळी आतून पुसून, तेलाचा हात फिरवून छर्रे ग्रीसमध्ये बसवले तर तासाभराच्या कामात वर्षांचं आयुष्य वाढतं. ज्यांची सायकल समुद्राकाठी असते त्यांनी हे टाळूच नये.

ॲल्युमिनियमला थकव्याची खालची मर्यादा नाही. लहान ताणाचीही नोंद होत राहते आणि कधीतरी हिशेब पूर्ण होतो. याचा अर्थ ते वाईट असा नाही. ताण इतका कमी ठेवायचा की हिशेब पूर्ण व्हायला माणसाच्या वापराहून जास्त वेळ लागेल, हे रचनाकाराचं काम. पण एकदा धडक खाल्लेलं ॲल्युमिनियम वेगळं. ९ एप्रिल २००६ च्या पारी-रूबे शर्यतीत, त्याच उत्तर फ्रान्समधल्या दगडी रस्त्यांवर, अमेरिकेचा जॉर्ज हिंकापी पुढच्या गटात होता. चालता चालता त्याच्या चिमट्याची ॲल्युमिनियमची वरची नळी तुटली, हँडल हातात आलं आणि काही क्षण दोन्ही हात मोकळे ठेवून तोल सावरत तो पडला. खांदा निखळला. त्याच शर्यतीत आधी तो एकदा पडला होता, आणि नळी तेव्हाच दुखावली असावी असं नंतर समोर आलं. मधले सगळे मैल ती सायकल ठणठणीत वाटत होती. जगातले उत्तम मेकॅनिक हाताशी असणाऱ्या संघाच्या बाबतीत हे घडू शकतं, तर पडल्यावर कपडे झटकून पुढे निघणाऱ्या आपल्यासारख्यांनी किती जपायला हवं?

टायटॅनियमबद्दल थोडक्यातच. गंजत नाही, थकव्याला चिवट, पण ताठपणा स्टीलच्या निम्मा. चिमट्याच्या अरुंद नळीत तो पुरत नाही, म्हणून टायटॅनियमच्या फ्रेमलाही चिमटा बहुधा कार्बनचा असतो. वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गॉन वायू भरावा लागतो, नाहीतर हवेने जोड ठिसूळ होतो. हे कौशल्य महाग आहे.

कार्बनचं मात्र सगळंच निराळं, कारण तो धातू नाही. पाच ते सात सहस्रांश मिलिमीटर जाडीचे तंतू राळेत बसवून त्यांचे पट्टे एकावर एक चढवतात. तंतूच्या दिशेने ताकद अफाट, आडवी मात्र फक्त राळेएवढी. म्हणून कोणता थर कोणत्या कोनात, यावर सगळं अवलंबून असतं. पायांत तंतू लांबीने धावतात, पण खांद्यापाशी त्यांना वळून वर जायचं असतं, आणि त्या वळणावर सुरकुती पडली किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर तिथेच थर सुटायला लागतात. पुन्हा तीच जागा! नीट बनवलेला कार्बनचा चिमटा रोजच्या पुढे-मागे वाकण्याला धातूपेक्षा जास्त पुरतो. त्याचं वैर आहे आडव्या आघाताशी आणि आवळण्याशी. हँडल धरणारे बोल्ट त्या पातळ नळीला साधारण ५ न्यूटन-मीटरनेच आवळायचे असतात. अंदाजाने पाना मारला तर नळी चिरडते, आणि वरून काही दिसत नाही. कार्बन कायमचं वाकत नाही. एक तर धड असतं, नाहीतर तुटतं. ज्या दुकानात टॉर्क पाना नाही तिथे कार्बनच्या चिमट्याला हात लावू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग जिंकलं कोण? १९९७ मध्ये जर्मनीत बारा महागड्या फ्रेमी यंत्रावर चढवून पॅडलच्या जोराची नक्कल करत थकवून पाहिल्या. स्टील, टायटॅनियम, ॲल्युमिनियम, कार्बन, सगळे होते. दोन लाख फेरे न तुटता पार करणाऱ्या तीनच निघाल्या: दोन ॲल्युमिनियमच्या आणि एक कार्बनची. ज्या स्टीलच्या अमरत्वाच्या गोष्टी सांगतात त्याच्या आणि टायटॅनियमच्या फ्रेमी त्याआधीच तडकल्या. याचा अर्थ ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा श्रेष्ठ असा काढला तर तो चुकेल, कारण तुटलेल्यांत ॲल्युमिनियम आणि कार्बनच्याही होत्या. थकव्याची मर्यादा नसलेल्या धातूची नीट विचार केलेली फ्रेम, ती मर्यादा असलेल्या धातूच्या हलक्या करायच्या नादात पातळ केलेल्या फ्रेमपेक्षा जास्त टिकली, एवढंच. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४२१० सुद्धा धातू विचारत नाही. चिमटा यंत्रात धरायचा आणि पुढे-मागे एक लाख वेळा वाकवायचा, शहरी सायकलला ४५० न्यूटन, शर्यतीच्या सायकलला ६२० न्यूटन जोराने. चीर दिसली की नापास.

घरी करण्याजोगी तपासणी अवघड नाही. सायकल धुतल्यावर खांद्याभोवतीचा भाग कोरड्या फडक्याने पुसून उजेडात बघावा. रंगावर केसासारखी आडवी रेघ असेल तर तिच्यावर नख फिरवावं. नख अडलं तर ती ओरखडा नाही असं समजून सायकल चालवणं तिथेच थांबवावं. समोरून धडक बसली असेल तर पुढचं चाक आणि फ्रेमची खालची तिरकी नळी यांतलं अंतर आधीच्यापेक्षा कमी झालंय का ते पाहावं. त्या नळीच्या पोटाखाली, पुढच्या जोडाजवळ रंगाला सुरकुत्या पडल्या असतील तर चिमट्याबरोबर फ्रेमही वाकली आहे. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे हलवताना खटखट आली तर बहुधा छर्रे ढिले असतात. ते आवळावेत, पण आवळूनही आवाज राहिला तर चिमटा उतरवून खालच्या वाटीच्या बुडाशी पाहायलाच हवं. कार्बन असेल तर नाण्याने हलके ठोके द्यावेत. एका जागी आवाज खणखणीतऐवजी बद्द आला तर आत थर सुटलेले असू शकतात.

वाकलेला चिमटा नळी घालून सरळ करून देण्याची आपल्या दुकानांत जुनी रीत आहे. साध्या, जाड स्टीलच्या पायांना थोडा बाक आला असेल तर एकदा चालेल. वरची नळी वाकली असेल तर अजिबात नाही, आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर कुठलाच भाग नाही. वाकवणं आणि पुन्हा सरळ करणं म्हणजे थकव्याचा सगळ्यात मोठा फेरा आपणच आपल्या हाताने देणं. साध्या सायकलचा नवा चिमटा काहीशे रुपयांत मिळतो, एवढ्यासाठी दात आणि जबडा पणाला लावू नये. काढलेला चिमटा भंगारात देण्याआधी वरची नळी करवतीने कापून द्यावी, नाहीतर रंगाचा एक हात मारून तो दुसऱ्या कुणाच्या तरी सायकलला बसतो.